परतीची अंदाजे तारीख

"मोहरी किती घेतली?" सदाशिवरावांनी विचारलं.

कढईत तेल तापलं होतं. विमलताईंच्या बोटांत मोहरी होती, आणि ती तेलात पडायच्या आधी तिची नोंद होणं आवश्यक होतं.

"चिमूटभर."

"चिमूट हे काही माप नाई. चमच्यात सांग."

"अवो, तेल जळून राह्यलं."

"जळलेलं तेल मी येगळं लिहितो. तू मोहरी सांग."

विमलताईंनी मोहरी कढईत टाकली आणि अर्धा चमचा सांगितला. सदाशिवरावांनी अर्धा चमचा लिहिला. वरणाला फोडणी बसली, घरभर वास सुटला, आणि वासाचा रकाना नसल्यामुळे तेवढा तो फुकटात गेला.

सदाशिवरावांनी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सारी उमर स्टोअरकीपरची नोकरी केली. त्यांच्या सहीशिवाय तिथून एक नटबोल्टही बाहेर गेला नाही, असं ते कोणालाही सांगत, त्याने विचारलं नसलं तरी. निवृत्त झाल्यावर माणसाने सकाळी फिरायला जावं, पेपर वाचावा, चार म्हाताऱ्यांत बसून सरकारला शिव्या घालाव्या. ह्यांनी पहिल्याच महिन्यात विमलताईंबरोबर देवीलालच्या दुकानात जाऊन किराण्याचं बिल पाहिलं, आणि तिथून ह्या घराचे वाईट दिवस सुरू झाले.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला या माणसाचा राग येणार आहे. मलाही येतो. पण हे सगळं तो लेकीसाठी करत होता. निकिता त्यांची एकुलती एक. पांढरकवड्याला दिलेली, आणि आता पहिलंवहिलं बाळंतपण. संक्रांत झाली की ती माहेरी यायची होती. विमलताईंचा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता. पोरगी आपल्या घरी बाळंत व्हावी, तिला आपल्या हातचं खाऊ घालावं, नातवंडाला पहिली आंघोळ आपण घालावी, एवढंच त्यांचं मागणं. सदाशिवरावांना ते पुरेसं वाटेना. निकिताला यवतमाळातल्या चांगल्या खाजगी दवाखान्यात न्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि दवाखान्यात जाऊन खर्चही विचारून आले. कारखान्याची पेन्शन एवढीशी होती, की ती जमा झाल्याचा मेसेज वाचायला चष्मा शोधणंही महाग पडावं. ठेवीला हात लावायचा नव्हता. मग घरात कमी करता येईल असं राहिलं काय, तर किराणा.

कारखान्यातून त्यांनी जाताना एक शाल, एक नारळ आणि गेटपासची जुनी छापील पॅडं आणली होती. कारखान्याचं नाव बदललं तेव्हा ती रद्दीत निघाली होती. त्या रद्दीचासुद्धा त्यांनी रीतसर गेटपास फाडला होता. पॅडवर रकाने होते: मालाचे वर्णन, नग, रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल, परतीची अंदाजे तारीख, घेणाऱ्याची सही. दुरुस्तीला जाणारी मोटार रिटर्नेबल, कारण ती परत येते. विकलेलं भंगार नॉन-रिटर्नेबल. सदाशिवरावांना जगातली प्रत्येक वस्तू ह्या दोन खणांत बसवता येत असे.

किराण्याचं सामान त्यांनी कपाटात ठेवलं आणि कपाटाची किल्ली जानव्याला बांधतात तशी करगोट्याला बांधली. विमलताईंना साखर हवी असली, की आधी साखर मागायची, मग ते आंघोळ करत असतील तर थांबायचं.

"माह्या सोताच्या घरात मी साखर मांगून राह्यली," विमलताई म्हणाल्या.

"कारखान्यात मॅनेजरही मांगायचा."

"मॅनेजर सैपाक करत होता काय?"

सदाशिवरावांनी साखर मोजून दिली आणि लिहून ठेवली.

एक दिवस शेजारची नलू वाटी घेऊन आली. अवचित पाहुणे आले होते आणि घरातली साखर संपली होती. नलू आणि विमलताईंचं इतक्या वर्षांचं देणंघेणं, की कोणाची वाटी कोणाच्या घरात आहे हेही दोघींना आठवत नसे. विमलताई उठेपर्यंत सदाशिवराव पॅड घेऊन हजर.

"साखर, वाटी एक. रिटर्नेबल," ते लिहिता लिहिता म्हणाले. "परतीची अंदाजे तारीख?"

नलूला वाटलं भाऊजी गंमत करून राहिले. ती हसली. "उद्या आनतो न भाऊजी."

"इथी सही करा."

नलूचं हसू तिथेच थांबलं. तिने विमलताईंकडे पाहिलं, विमलताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. नलूने सही केली आणि साखर नेली.

दुसऱ्या दिवशी ती कबूल केल्याप्रमाणे आली. साखर आणली, आणि सोबत शेतातल्या तुरीच्या शेंगा, अंबाडीची भाजी आणि झोळीभर लिंबं. राग धरून बसणाऱ्यातली बाई नव्हती ती. सदाशिवरावांनी साखर जमा करून घेतली, सहीवर काट मारली आणि शेंगांच्या थैलीकडे बोट दाखवलं.

"याचं बिल?"

"बिल कायचं भाऊजी? आमच्या वावरातल्या हायेत."

"मंग घेता येत नाई. बिगर बिलाचा माल स्टोअरमंदी घेतला, का उद्या ऑडिटले काय दाखवायचं?"

ऑडिट कोण करणार होतं, हे देवालाच ठाऊक. विमलताई पुढे झाल्या, "अवो, थे दर साली देते," म्हणाल्या, पण नियम म्हणजे नियम. नलूने थैली उचलली. "जाऊ द्या वयनी," ती म्हणाली, "माह्या गायीले होईन." आणि गेली. तिच्या घराचं फाटक उघडंच असायचं, ते त्या दिवसापासून लागलेलं दिसू लागलं.

आता हिशोब बघा. त्या घरात आजवर लिंबू विकत आलं नव्हतं. अंबाडी, शेंगा, ताक, कधी गवार, कधी वांगी, हे सगळं कुंपणावरून येत होतं आणि कुठेच लिहिलं जात नव्हतं. ते बंद झालं आणि विमलताई थैली घेऊन बाजारात जाऊ लागल्या. महिनाअखेरीला खर्च कमी व्हायच्या ऐवजी फुगला. सदाशिवरावांनी आकडेमोड तीनदा केली. मग ते तावातावाने देवीलालच्या दुकानात गेले, कारण चोर बाहेरचा असला की बरं पडतं.

"देवीलाल, तुह्या काट्यात फरक तं नाई न?"

देवीलालने त्यांच्यासमोर वजनं ठेवून दाखवली. "काका, काटा बराबर हाये. पन एक सांगा, तुमच्या घरी लिंबं इकत कवापासून लागले? अन् थे सुकलेल्या मटराचं पाकीट? ताईनं कवाच नेलं नवतं."

"भाजी म्हाग झाली," सदाशिवराव म्हणाले.

"भाजी म्हाग झाली, का शेजारीन?" देवीलालने विचारलं. गावात कोणतीही गोष्ट लपत नाही, आणि किराणा दुकानात तर मुळीच नाही. सदाशिवराव घरी आले आणि त्यांनी चहा दोन वेळचा एक वेळ केला.

इकडे विमलताईंनी डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी अशी जुळवाजुळव सुरू केली होती. लाडवांच्या सामानाचे पैसे त्यांनी स्वतःच्या भिशीतून घातले, म्हणजे किल्ली मागायला नको. निकिता रोज फोन करायची. "आई, मले तुह्या हातची चून-भाकर खावीशी वाटते," म्हणायची. विमलताई म्हणायच्या, "ये माय, तू फक्त ये." हे बोलणं सदाशिवराव पेपरामागून ऐकायचे, आणि त्यांचेही डोळे भरून यायचे. पण भरलेल्या डोळ्यांनी त्यांना जे दिसलं, ते असं, की घरात एक माणूस वाढणार, तूप वाढणार, दूध वाढणार, आणि ह्याचा अंदाजपत्रकात पत्ताच नाही.

ते एक दुपारभर बसले. बाळंतिणीला तूप किती, बदाम किती, दूध किती, सगळं काढलं. पण लेक किती दिवस राहणार, ते कळल्याशिवाय बेरीज होईना. परत येणाऱ्या मालाच्या बाबतीत स्टोअरकीपर काय करतो? पाठवणाऱ्याला लेखी विचारतो. त्यांनी पॅडवरचं एक पान काढलं, सुवाच्य अक्षरात भरलं, त्याचा फोटो घेतला आणि जावयाला, अमरला, पाठवून दिला. चुकून गेला नाही तो. चांगला चष्मा लावून, नंबर तपासून पाठवला.

त्यात लिहिलं होतं: मालाचे वर्णन: निकिता. आवक: नग एक. प्रकार: रिटर्नेबल. परतीची अंदाजे तारीख: कृपया आपण भरावी. मुदतीनंतर राहिल्यास तूप व दुधाची वाढीव तरतूद करावी लागेल. आणि सगळ्यांत खाली: जावक: नग दोन.

ते शेवटचं वाक्य म्हणजे सदाशिवरावांनी आयुष्यात केलेला पहिला विनोद. एक येईल, दोन जातील. लिहून झाल्यावर ते एकटेच बराच वेळ हसले. आनंद झाला होता हो त्या माणसाला. आनंद दाखवायची त्याची भाषा तेवढी एकच होती.

अमर हसला, आणि हसत हसत त्याने तो कागद आईला वाचून दाखवला. अमरची आई, सत्यभामाबाई, नवरा गेल्यापासून शेत, घर आणि गोठा एकटीने सांभाळणारी बाई. ती हसली नाही. तिने दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन लावला, तोही विमलताईंना.

"इहीनबाई, तुमच्या मालकानं तारीख मांगतली."

"कोनती तारीख?" विमलताईंना काहीच माहीत नव्हतं.

"माही सून तुमी कवा वापस धाडता, थे. नग म्हनलं त्याईनं तिले. नग मोटारचे असतेत, इहीनबाई, सुनंचे नसतेत. अन् तुपाचं म्हनान, तं माह्या गोठ्यात दोन म्हशी हायेत. आमच्या घरी तूप कोनी मोजत नाई."

विमलताईंनी फोन ठेवला आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. काय झालं ते कळल्यावर सदाशिवरावांना खरंच आश्चर्य वाटलं. त्यात चुकीचं काय, हे त्यांना कळेना.

"रिटर्नेबल चांगला शब्द हाये," ते म्हणाले. "मी समजावून सांगतो त्याईले."

"नका सांगू. मी हात जोडते, तुमी काई सांगू नका."

पण त्यांनी लगेच अमरला फोन लावला. गैरसमज वेळीच दूर केलेला बरा, असं त्यांचं मत. अमरने फोन स्पीकरवर टाकला होता आणि निकिता शेजारीच बसली होती, हे त्यांना दिसणार कसं?

"जवाईबापू, तुमी आईले सांगा, रिटर्नेबल म्हंजे मानाचं. तिले तुमच्या घरी वापस पाठवाचं हाये, म्हनून रिटर्नेबल. लग्नात देली तवा मी तिले नॉन-रिटर्नेबलच देली होती. तवा मी तारीख मांगतली काय?"

पलीकडून निकिताचा आवाज आला.

"म्हंजे बाबा, लग्न झालं तवाच तुमी मले खोडून टाकलं होतं?"

"तसं नाई बेटा. हिशोबाच्या भाषेत तसं म्हन्तेत."

"दुसऱ्या कोनत्या भाषेत सांगता येते तं सांगा. मी ऐकून राह्यली."

सदाशिवरावांनी तोंड उघडलं. दवाखान्याचं सांगावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. तुझ्यासाठीच साखर मोजतो आहे, बेटा, असं काहीतरी. पण तसलं काही त्यांनी कधी कोणाला म्हटलं नव्हतं आणि ते कसं सुरू करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते "हॅलो, हॅलो" करत राहिले.

"मी इकडंच राह्यते बाबा," निकिता म्हणाली. "इथी मले कोनी कवा जाशीन म्हनून इचारत नाई."

विमलताई रडल्या नाहीत. त्यांनी अर्धे वळलेले लाडू पूर्ण वळले, डबा भरला आणि बॅग काढली. सदाशिवराव मागे मागे फिरत होते.

"तू कुठी चालली?"

"पांढरकवड्याले. बाळातपन मायनं करायचं असते. माह्या घरी नाई होऊन राह्यलं, तं तिच्या घरी जाऊन करतो."

"तिच्या सासूच्या घरी राह्यशीन? लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले सांगा, साखर संपली म्हना."

"विमल, मी हे सारं तिच्या दवाखान्यासाठीच करून राह्यलो होतो."

विमलताई बॅगची चेन लावता लावता थांबल्या. "मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "तिले माहीत नाई. तुमी तिले तुपाचा आकडा धाडला, अन् कायच्यासाठी जमवून राह्यलो थे मनातच ठेवलं. आता ठेवा मनातच."

त्या बसने गेल्या. सदाशिवराव बसस्टँडपर्यंत बॅग घेऊन गेले, खिडकीखाली उभे राहिले, आणि तिकिटाचे पैसे सुटे आहेत का, एवढंच त्यांना विचारता आलं.

त्यानंतरचा महिना सदाशिवरावांच्या पद्धतीचा पूर्ण विजय होता. तेल उरलं, साखर उरली, मोहरीची बरणी तर जशीच्या तशी. एकटा माणूस सकाळी खिचडी टाकायचा आणि तीच संध्याकाळी खायचा. किल्ली करगोट्यालाच होती, फक्त ती मागायला कोणी नव्हतं. अंगणात नलू दिसली तर ते तिच्याकडे बघायचे, ती दोरीवरचे कपडे काढायची.

"काका, एवढंसं बिल?" देवीलालने पेन थांबवून विचारलं. "तब्येत बरी हाये न?"

"मस्त हाये," सदाशिवराव म्हणाले.

दवाखान्यासाठी हवे होते तेवढे पैसे होळीच्या आधीच जमले. आणि होळीच्याच सुमारास अमरचा फोन आला. मुलगी झाली. पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात, सुखरूप, खर्च म्हणाल तर काहीच नाही.

सदाशिवराव पहाटे उठले. आदल्या दिवशी त्यांनी देवीलालकडून तूप, बदाम, खारीक, गोडंबी घेतली होती, भाव न विचारता, आणि देवीलालने दुकानातल्या पोऱ्याला डोळ्यांनी खुणावलं होतं. सराफाकडून बाळाचे चांदीचे वाळे घेतले. पैसे पाकिटात घातले. घाईत चहाही केला नाही. पहिली गाडी गर्दीची होती, ती गेली. दुसरी रस्त्यात बंद पडली. दोन्ही थैल्या मांडीवर घेऊन ते पांढरकवड्याला पोचले तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती आणि पोटात कावळे ओरडत होते.

सत्यभामाबाईंनी त्यांचं नीट स्वागत केलं. खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी दिलं. थैल्या घेतल्या आणि "कायले एवढं आनलं" म्हणत कोपऱ्यात ठेवल्या. पाकीट मात्र त्यांच्या हातात परत दिलं. "ठेवा इवाई. म्हातारपनी कामात येते."

निकिताने बाळ दाखवलं. लालबुंद, मुठी आवळलेलं, झोपलेलं. त्यांनी वाळे पुढे केले, ते निकिताने घेऊन उशाशी ठेवले. "बसा बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, तिच्याशी भांडता आलं असतं. त्यांना बाळ मांडीवर घ्यावंसं वाटत होतं, पण कोणी दिलं नाही आणि मागावं कसं ते त्यांना सुचेना.

स्वयंपाकघरातून विमलताई पदर खोचून आल्या. त्या त्या घरात अशा वावरत होत्या, जशा जन्मभर तिथेच राहिल्या असाव्यात. चेहऱ्यावर तेज आलं होतं. "कवाच्या गाडीनं आले?" त्यांनी विचारलं आणि उत्तर पुरतं न ऐकताच आत कढईकडे गेल्या. आत वांग्याची भाजी शिजत होती, भाकरी भाजल्याचा वास येत होता, अमर ताटं मांडत होता.

आता आपल्याकडे भर दुपारी घरात माणूस आला, तर त्याला जेवायचं विचारत नाहीत. "उठा, हात धुवा" म्हणतात. दूधवाला असो, पोस्टमन असो, व्याही तर लांबच राहिला. तो नाही म्हणतो, मग त्याचा हात धरून त्याला बसवतात. विचारायचं ते फक्त अशा माणसाला, ज्याने नाही म्हणावं अशी आपली इच्छा असते.

सत्यभामाबाई दारात उभ्या राहिल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "इवाई, जेवता काय, का जेवून आले?"

अमरचा हात ताटावर थांबला. निकिता बाळाची दुपटी सारखी करू लागली. सदाशिवरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. विमलताई चुलीसमोरून वळून त्यांच्याकडेच बघत होत्या. हा माणूस इतक्या सकाळी काही खाऊन निघत नाही, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

"जेवून आलो," सदाशिवराव म्हणाले.

"मंग असू द्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "च्या ठेवतो."

विमलताईंनी परातीतली भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि पाठमोऱ्या होऊन घरच्यांची ताटं वाढायला घेतली.